मळ्यातली आजी आणि पाचवा वाढदिवस : नाशिकमधलं एक प्रकरण

फेब्रुवारीत, द्राक्षांचा हंगाम ऐन भरात असताना, एक आई मुलीची गणिताची वही घेऊन माझ्याकडे आली. वहीची पानं एकमेकांना चिकटली होती, कडांवर वाळलेल्या रसाचे तपकिरी डाग होते आणि मधल्या पानांत दोन मुंग्या मरून पडल्या होत्या. "मॅडम, दप्तराला मुंग्या लागल्या म्हणून मी ते उपसलं. तळाशी द्राक्षांची पिशवी होती, पार चेंदामेंदा झालेली. विचारलं तर म्हणते, मला माहीत नाही."

माहीत होतं तिला. तीन दिवसांपूर्वी शाळा सुटताना आजोबा फाटकापाशी उभे होते. त्यांनी नातीच्या हातात पिशवी दिली, डोक्यावरून हात फिरवला आणि "आईला सांगू नको हं, रागवेल" असं म्हणून ते निघून गेले. नऊ वर्षांच्या मुलीला रिक्षात ती खाता आली नाहीत, टाकून द्यायला जीव झाला नाही आणि घरी दाखवायची सोय नव्हती. मग राहिली दप्तरात.

मी गेली सोळा वर्षं नाशिकमध्ये कौटुंबिक समुपदेशनाचं काम करते. नवरा-बायको वेगळे झाले की मुलांचा ताबा, पोटगी, घर यांवर सगळे बोलतात. पण मुलांनी आजी-आजोबांना, आत्याला, मामाला भेटायचं की नाही, कधी आणि कुणाच्या समोर, हे कागदावर क्वचितच येतं आणि रोजची भांडणं नेमकी तिथेच पेटतात. हे प्रकरण दोन्ही पालकांच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत, नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

घर कसं होतं

लग्नाला अकरा वर्षं. वडील अंबडच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये, आई एका सीएंकडे अकाउंटंट. पाथर्डी फाट्याला फ्लॅट. थोरली नऊ वर्षांची, धाकटा साडेचार. वडिलांचं मूळ घर निफाड तालुक्यात, गावाबाहेर मळ्यात. म्हणून मुलांच्या तोंडी 'मळ्यातली आजी' आणि 'इंदिरानगरची आजी' अशी विभागणी. मळ्यातल्या आजोबांना सगळे आप्पा म्हणतात.

वेगळं होण्याच्या कारणांत मी इथे शिरत नाही. मारहाण नव्हती, दारू नव्हती. एक कर्ज लपवलं गेलं होतं आणि त्याच्या आधीपासूनच दोघांचं पटेनासं झालं होतं. श्रावणात आई मुलांना घेऊन इंदिरानगरला माहेरी आली. तिथे तिचे आई-वडील आणि भाऊ. दर रविवारी वडील यायचे आणि हॉलमध्ये दोन तास बसून मुलांशी खेळायचे. समोर सोफ्यावर मामा पेपर वाचत बसलेला. तो पेपर दोन तास एकाच पानावर असायचा, असं वडील मला म्हणाले होते आणि ते सांगताना त्यांचा आवाज बसला होता.

दिवाळीत मुलं चार दिवस मळ्यात जाऊन आली. परत आल्यावर धाकटा जेवताना म्हणाला, "मी पाच वर्षांचा झालो की मळ्यातच राहणार आहे. आजीने सांगितलं." थोरली त्या रात्री झोपेना. दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं, की आत्या विचारत होती, आई रात्री फोनवर कुणाशी बोलते, मामा आईला पैसे देतो का, आई आप्पांबद्दल काय बोलते.

त्याच दिवशी आईने नवऱ्याला व्हॉट्सॲपवर कळवलं : यापुढे मुलांना फक्त तुम्ही भेटायचं. तुमची आई, वडील, बहीण यांच्याशी भेट नाही, फोन नाही, व्हिडिओ कॉल नाही. वडिलांचं उत्तर चार मिनिटांत आलं : मग तुझ्या भावानेही मुलं असताना त्या घरात थांबायचं नाही. भाऊ तर त्याच घरात राहत होता.

तेव्हापासून आप्पांच्या शाळेच्या फेऱ्या सुरू झाल्या. थोरलीचं दर शुक्रवारी पोट दुखायला लागलं. धाकटा पुन्हा अंथरूण ओलं करू लागला.

माझी चूक

पहिल्या दोन बैठका मी वाया घालवल्या. मी हे सासू-सुनेचं प्रकरण समजून बसले. आजी-आजोबांची माया मुलांना हवी असते, नाती तोडू नका, मोठ्यांचं भांडण मुलांपर्यंत जाऊ देऊ नका, असं सगळं मी त्या बाईला सांगितलं. ती मान हलवत राहिली. हे तिला तिच्या आईने, मावशीने, शेजारणीने, ऑफिसातल्या बायकांनी सांगून झालं होतं. चूक तिचीच आहे, एवढाच त्याचा अर्थ तिच्यापर्यंत पोहोचत होता.

तिसऱ्या बैठकीत मी पहिल्यांदा नीट विचारलं : "भेटू दिलं, तर नेमकं काय होईल असं तुम्हाला वाटतं?"

तिने पर्समधून एक छोटं कॅलेंडर काढलं. एप्रिलमधल्या एका तारखेभोवती पेनाने गोल केला होता. इतक्या वेळा गिरवला होता की कागद फाटायला आला होता. "त्या दिवशी तो पाच वर्षांचा होतो. मग ते त्याला घेऊन जाणार. कायदाच आहे ना तसा?"

सगळी बंदी त्या गोलात होती. सासूबद्दलचा राग हा वरचा पापुद्रा, आत होती ती ही धास्ती. मुलगा पाच वर्षांचा झाला की बापाचा, हा समज नाशिक शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत मी इतक्यांदा ऐकला आहे की तो इथे नीट खोडून काढते.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ चं कलम ६ म्हणतं की पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा. लोक याचा व्यत्यास करतात : म्हणजे पाच पूर्ण झाली की ताबा वडिलांकडे जातो. तसं कलमात कुठेही लिहिलेलं नाही. वाढदिवसाच्या सकाळी ताबा आपोआप बदलत नाही. त्याच कायद्याचं कलम १३ सांगतं की बालकाचं हित हाच सर्वांत वरचा विचार. १८९० चा पालक व पाल्य अधिनियमही न्यायालयाला मुलाच्या हिताकडेच बघायला सांगतो : वय, पालकाचं चारित्र्य आणि क्षमता, मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची इच्छा. कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक 'वडील आणि त्यांच्यानंतर आई' अशी शब्दरचना आहे. १९९९ च्या एका गाजलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की या 'नंतर'चा अर्थ केवळ वडिलांच्या मृत्यूनंतर एवढाच नाही.

हे सगळं मी तिला सांगितलं तेव्हा ती रडली नाही, की हसलीही नाही. कॅलेंडर घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाली, "वकिलांकडून एकदा ऐकते." तिने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विचारून घेतलं. तिथे स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळते, हेही अनेकींना ठाऊक नसतं. आठवड्याने आली ती वेगळीच बाई होती. "फोन करू दे त्यांना," ती स्वतःहून म्हणाली. "पण माझ्या पोरीला कुणी प्रश्न विचारायचे नाहीत."

मुलीने काय सांगितलं

थोरलीशी मी एकटीने बोलले, दोनदा. अशा वेळी माझं पहिलं काम असतं ते कुठला धोका नाही ना हे तपासणं. कुणी मारतं का, नको तिथे हात लावतं का, कुणासोबत एकटं राहायची भीती वाटते का. तसं काही असतं तर पुढचं सगळं बाजूला पडलं असतं. लैंगिक छळाची शंका आली तर पोक्सो कायद्याप्रमाणे, म्हणजे २०१२ च्या कायद्याप्रमाणे, ते कळवणं बंधनकारक आहे. तिथे नात्यांची समजूत घालत बसायचं नसतं. तातडीच्या मदतीला १०९८ हा क्रमांक आहे. असा नातेवाईक असेल तर पूर्ण बंदी हाच योग्य निर्णय आणि ती घालणाऱ्या पालकाला कुणी 'नाती तोडतेस' म्हणू नये.

इथे तसं काही नव्हतं. मुलीला मळा आवडत होता. डिपिंगच्या, म्हणजे घड द्रावणात बुडवायच्या वेळी आप्पा तिला घडांखाली वाकून चालायला शिकवायचे, आजी तिच्यासाठी वेगळी खापरावरची भाकरी करायची. आत्याही तिला आवडत होती. तिला भीती होती ती मोबाइलची. "आत्या बोलताना मोबाइल टेबलावर उलटा ठेवते," ती म्हणाली. "उलटा ठेवला की मी बोलत नाही."

मग तिने मला विचारलं, "आप्पा शाळेत आले तर मी पळून जाऊ का?"

दोन्ही घरांतल्या चार-पाच मोठ्या माणसांना मी पुढे हा एकच प्रश्न वाचून दाखवला. दुसरा कुठलाही युक्तिवाद इतका उपयोगी पडला नाही.

ज्याचे नातेवाईक, त्याची जबाबदारी

वडिलांना मी स्वतंत्र बोलावलं. मुलगा घेऊन जायचा त्यांचा काहीही विचार नव्हता. शिफ्ट सांभाळून पाच वर्षांचं मूल एकट्याने वाढवणं त्यांना शक्य नव्हतं आणि ते त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केलं. "मग आई तसं बोलल्या तेव्हा तुम्ही कुठे होतात?" "तिथेच जेवत होतो. आई बोलते हो, मॅडम. तिच्या बोलण्याचं काय एवढं मनावर घ्यायचं."

इथे मी कडक बोलले आणि आजही मला ते बरोबर वाटतं. नातेवाइकांना आवरायचं काम सुनेचं नाही, जावयाचं नाही. ज्याची आई, ज्याची बहीण, ज्याचा भाऊ, त्यानेच ते करायचं. घटस्फोटाच्या वाटेवर असलेल्या बाईने नवऱ्याच्या आईला 'असं बोलू नका' सांगितलं तर त्याचं महाभारत होतं. मुलगा तेच वाक्य जेवता जेवता म्हणाला असता, "आई, असं बोलायचं नाही, पोरगा त्याच्या आईजवळच राहणार आहे," तर विषय ताटावरच संपला असता. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला आईशी असं बोलता येत नाही." ते त्यांना शिकावं लागलं. आम्ही ते वाक्य अक्षरशः पाठ केलं.

मामाच्या बाबतीत हीच अट मी आईला घातली. हॉलमधला पहारा तिने थांबवायचा, मी नाही, वडिलांनीही नाही.

कायद्याकडे बघितलं तर आजी-आजोबांना नातवंडांना भेटण्याचा स्वतंत्र हक्क देणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. मुलाचं हित पाहून न्यायालय त्यांना भेट देऊ शकतं आणि देतंही. विधी आयोगाने २०१५ साली आपल्या २५७ व्या अहवालात ताबा आणि भेटीच्या व्यवस्थेत आजी-आजोबांच्या वेळेचाही विचार केला होता. २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मुलाला दोन्ही पालकांचा सहवास आणि माया मिळण्याचा हक्क आहे आणि ज्याच्याकडे ताबा नाही त्याला फोन, व्हिडिओ कॉलने रोजच्या संपर्कात राहता यावं. या सगळ्यातून कामाला येणारी गोष्ट अशी, की आजी-आजोबांची भेट वडिलांच्या वेळेवर बसवली तर वेगळी मागणीच करावी लागत नाही. मुलं ज्या दिवशी वडिलांकडे, त्या दिवशी ती मळ्यातही जाऊ शकतात. त्या दिवशी मुलांजवळ कोण असेल हे वडिलांनी ठरवायचं आणि काही बिघडलं तर उत्तरही त्यांनीच द्यायचं. आईच्या दिवशी आईचं तेच.

म्हणून आम्ही कागदावर माणसांची यादी न लिहिता वागण्याची यादी लिहिली. आईला सुरुवातीला हे पटत नव्हतं. तिला तीन नावांवर बंदी हवी होती. पण नावावर बंदी घातली की ते माणूस शाळेच्या फाटकावर उगवतं, मंदिरात भेटतं, दुसऱ्याच्या फोनवरून बोलतं आणि प्रत्येक वेळी मुलाला एक नवं गुपित सांभाळावं लागतं. वागण्यावर बंदी घातली तर गुपिताला जागा राहत नाही.

ठरलं ते असं. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या शनिवार-रविवारी मुलं वडिलांकडे, मळा त्यातच. बुधवारी संध्याकाळी साडेसातला पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, तोही वडिलांच्या फोनवरून. शेजारी आजी-आप्पा बसू शकतात. शाळेत मुलांना घ्यायला येणाऱ्यांची चार नावं दोघांच्या सहीने दिली आणि त्या चौघांखेरीज कुणीही, कितीही प्रेमाने, फाटकावर यायचं नाही. शाळेने आधी 'कोर्टाचा कागद आणा' म्हणून दोन आठवडे खेळवलं, शेवटी दोघांची सही असलेलं पत्र घेतलं. दुसऱ्या घराबद्दल मुलांना प्रश्न नाहीत, निरोप नाहीत, 'आईला सांगू नको' हे वाक्य नाही. रेकॉर्डिंग अजिबात नाही. ताब्याबद्दल मुलांसमोर चकार शब्द नाही. मुलांची देवाणघेवाण घराच्या दारात नको म्हणून इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकपाशी, आणि त्या वेळी मामा नाही, आत्या नाही. सणवार, लग्नं, जत्रा असेल तर पंधरा दिवस आधी मेसेज.

आत्यासाठी एक वेगळी ओळ घालावी लागली. मुलांना ती वडील खोलीत असतानाच भेटेल आणि तेव्हा फोन दुसऱ्या खोलीत राहील. हे सहा महिन्यांसाठी, मग पुन्हा बघू. वडिलांना ही अट अपमानास्पद वाटली. मी त्यांना थोरलीचं वाक्य परत वाचून दाखवलं.

मळ्यात

आजीला भेटायला मी स्वतः गेले. सहसा जात नाही, पण त्या हंगामात त्यांना बागेतून हलता येत नव्हतं. ओट्यावर क्रेटांची रास होती, मजूर बाया घड निवडत होत्या. आजीचे हात कात्रीने काळे पडले होते. त्या माझ्याशी बोलल्या, पण काम थांबवलं नाही.

"नातवाला बघायलाबी आता परवानगी लागती का व ताई?"

मी म्हटलं, बघायला नाही लागत. पण 'तू आमचाच' असं सांगितलं की ते पोर रात्री झोपत नाही.

त्यांची कात्री थांबली. "माझं बोलणं लागलं व्हय त्याला?" मग थोड्या वेळाने म्हणाल्या, की गावात सगळे तेच म्हणतात, पाच वर्षं झाली की नातू तुमचा. पोराला तेवढीच आशा लावावी म्हणून त्या बोलल्या होत्या. आशा नातवाला लावत होत्या की स्वतःला, ते मी विचारलं नाही. चहा घेऊन उठले तेव्हा त्यांनी द्राक्षांची पेटी पुढे केली, एक मला आणि एक नातीसाठी. मी नातीची पेटी घेतली नाही. म्हटलं, शनिवारी ती स्वतः येईल, तुम्हीच द्या, आणि घरी आईसाठीही घेऊन जा म्हणून तिला सांगा. आजींना ते पटायला वेळ लागला. पण त्या शनिवारी पेटी इंदिरानगरला उघडपणे गेली. आईने ती शेजाऱ्यांना वाटली, थोडी ठेवली. खाल्ली की नाही, मला माहीत नाही.

पुढे काय झालं

सगळं सुरळीत झालं नाही. एप्रिलच्या वाढदिवसाला आजीने पुन्हा तेच वाक्य उच्चारलं. या वेळी वडिलांनी ताबडतोब अडवलं, आणि ते थोरलीने मला जसंच्या तसं सांगितलं, जणू काही मोठी बातमी. जूनमध्ये आप्पा एकदा शाळेजवळ दिसले, पण फाटकापासून लांब रस्त्याच्या पलीकडे उभे राहून बघून निघून गेले. आई तक्रार करायच्या तयारीत होती. मी तिला म्हटलं, हे वडिलांना कळवा, माझ्याकडे नको. तिने कळवलं, त्यांनी आप्पांशी बोलून घेतलं, नंतर तसं झालं नाही. रस्त्यापलीकडून नात बघणारा म्हातारा माणूस माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. तरीही त्यांना तिथे येऊ देणं बरोबर झालं नसतं.

शुक्रवारची पोटदुखी पावसाळ्यापर्यंत कमी होत गेली. धाकट्याचं अंथरूण मात्र अजून अधूनमधून ओलं होतं.

श्रावण उलटल्यावर, वेगळं राहण्याला वर्ष पूर्ण झालं तेव्हा, दोघांनी परस्पर संमतीने घटस्फोटासाठी कुटुंब न्यायालयात अर्ज केला. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब मध्ये ते वर्ष आवश्यक असतं. आमचा कागद कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मान्य करून न्यायालयात दिलेल्या अटींमध्ये जोडला आहे. तिथल्या समुपदेशकांनी दोन ठिकाणी भाषा सोपी करायला सांगितली, जे योग्यच होतं. न्यायालयाच्या आदेशात या अटी उतरल्या की त्या दोघांवर बंधनकारक होतील, नुसत्या शब्दाच्या राहणार नाहीत. हे मी दोघांनाही आधीच समजावलं आहे, कारण सही करताना लोक फार उदार असतात.

आता दिवाळी आली. ठरल्याप्रमाणे लक्ष्मीपूजन आईकडे, पाडवा आणि भाऊबीज वडिलांकडे, पुढच्या वर्षी उलट. भाऊबीजेला आत्या ओझरहून भावाला ओवाळायला येणार, आणि मुलं नेमकी तिथेच असतील. तिच्या अटीचे सहा महिनेही संपले आहेत. आईने परवा मला फोन केला. तिने वडिलांना मेसेज पाठवला होता, तो वाचून दाखवला : आत्याने मुलांना ओवाळावं, माझी हरकत नाही. फक्त मोबाइल गाडीत ठेवून यावं.

वडिलांनी तो बहिणीला पुढे पाठवला आहे. तिचं उत्तर अजून आलेलं नाही.